लसणीभोवतीचं वर्तुळ

इन्क्युबेटरचं दार उघडलं की आधी वास येतो. ई. कोलाय रात्रभर वाढल्याचा वास जड, कोंदट असतो आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्याच्या नाकात तो कायमचा मुरलेला असतो. त्या सकाळी मात्र त्याच्यावर लसणीचा वास चढला होता. मागे मुलं दाटीवाटीने उभी होती. वर्गातल्या एखाद्या प्रयोगाला ती अशी लवकर कधी येत नाहीत. पण हा प्रयोग त्यांच्या घरचा होता. प्रत्येकाने स्वयंपाकघरातून काही ना काही आणलेलं होतं आणि त्याचा निकाल आता लागणार होता.

मी पहिली प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. गवती रंगाच्या आगरावर जंतूंचा थर दुधावरच्या सायीसारखा सलग पसरला होता. मध्ये कागदाची एवढीशी चकती, आणि तिच्याभोवती एक रिकामं, नितळ वर्तुळ. त्या वर्तुळाच्या कडेपर्यंत लाखो जीव येऊन थांबले होते. इतकी वर्षं ही गोष्ट पाहते आहे, तरी ती कड पाहताना माझा श्वास जरा अडकतोच. आत काही दिसत नाही, काही हलत नाही. तरी तिथे काहीतरी आहे एवढं नक्की.

मुलांना सांगितलं होतं, घरात जे औषध म्हणून वापरतात ते आणा. स्टीलच्या डब्यांतून, कागदाच्या पुड्यांतून आजीचा बटवाच प्रयोगशाळेत आला. हळद, आलं, लसूण, लवंगा, दालचिनी, ओवा, मध, लिंबं, तुळशीची पानं. एका मुलीने काचेच्या बाटलीत कैरीच्या लोणच्याचा खार आणला होता. लोणचं काही औषध नाही, असं दोघातिघांनी तिला लगेच सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आजीने दिलाय. म्हणाली, एवढं सगळं बघताय तर हेही बघा.’’ मी ती बाटली ठेवून घेतली. पुढे त्या खारानेच मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं.

स्वयंपाकघर प्रयोगशाळेत आलं असं म्हटलं खरं, पण ते तिथे पहिल्यापासूनच आहे. ज्या आगरावर आम्ही जंतू वाढवतो तो स्वयंपाकघरातूनच आला. रॉबर्ट कॉख जंतूंना एकमेकांपासून वेगळं करून वाढवण्यासाठी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापा वापरायचा, मग जिलेटिन वापरायला लागला. जिलेटिन उन्हाळ्यात आणि इन्क्युबेटरच्या उबेत पातळ व्हायचं. काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. त्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसेची पत्नी फॅनी हेसे घरी जेली आणि पुडिंग करताना आगर वापरत असे. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच ओळखीच्या कुटुंबाकडून तिला ते कळलं होतं. उन्हाळ्यातही तिची जेली वितळत नाही, हे पाहून १८८१ साली तिने नवऱ्याला ते सुचवलं. आपल्याकडे किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतं तेच हे. एकदा घट्ट झालं की चांगलं ऐंशीच्या पुढे तापवल्याशिवाय वितळत नाही. कॉखने १८८२ च्या क्षयावरच्या निबंधात आगराचा उल्लेख केला, फॅनीचा मात्र नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत रोज तिचा पदार्थ ओतला जातो. मी दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना तिचं नाव फळ्यावर लिहायला लावते.

प्रयोग म्हटला तर साधा. आगराच्या प्लेटवर जंतूंचं पातळ द्रावण कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखं फिरवायचं. सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या वेगवेगळ्या रसांत बुडवून त्यावर ठेवायच्या. रस आगरातून हळूहळू बाहेर झिरपतो. जिथवर तो पुरेसा तीव्र असतो तिथवर जंतू वाढत नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून वर्तुळाचा व्यास मोजायचा. अँटिबायोटिकसाठी हीच रीत १९६६ मध्ये बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोर बांधून दिली. एक चकती नुसत्या निर्जंतुक पाण्याची ठेवायचीच. अर्क काढायला स्पिरिट वापरलं असेल तर नुसत्या स्पिरिटची चकतीही हवी, कारण स्पिरिट स्वतःच जंतू मारतं आणि श्रेय हळदीला जातं. या मुक्या चकत्यांवर माझं फार प्रेम आहे. त्यांच्यावाचून बाकीच्या चकत्या काय बोलतात त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

लसणीचं वर्तुळ सगळ्यांत देखणं होतं. पण ते कुठल्या लसणीचं? आम्ही तीन तऱ्हा केल्या होत्या. अख्खी पाकळी तशीच ठेवली, तिच्याभोवती जवळजवळ काही नाही. ठेचून, थोडा वेळ तशीच ठेवून मग रस काढला, तर मोठं, स्वच्छ वर्तुळ. अख्खी पाकळी आधी उकळली आणि मग ठेचली, तर पुन्हा काही नाही. त्याचं कारण फार सुंदर आहे. न दुखावलेल्या लसणीत तिचं ते प्रसिद्ध द्रव्य, ॲलिसिन, नसतंच. त्याचा कच्चा माल, ॲलिइन, पेशीत एका ठिकाणी असतो आणि त्यापासून ॲलिसिन घडवणारं विकर, ॲलिनेज, दुसऱ्या ठिकाणी. पाकळी ठेचली की मधला पडदा फाटतो, दोघं भेटतात आणि ॲलिसिन तयार होतं. वासही तेव्हाच सुटतो. उकळल्यावर विकर मरतं, मग कितीही ठेचा. कॅव्हॅलिटो आणि बेली या दोघा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये ॲलिसिन वेगळं काढलं. एका मुलाने तेव्हा सांगितलं की त्याची आजी चटणीची लसूण कधी कापू देत नाही, ‘ठेच आणि जरा थांब’ म्हणते. तिला विकर माहीत नाही. पण थांबायचं असतं हे तिला माहीत आहे आणि प्लेटने तिच्या त्या थांबण्याला मिलिमीटरमध्ये मापलं. उपायाची परीक्षा करायची म्हणजे त्यातला पदार्थ घेऊन भागत नाही. त्यातली कृतीही घ्यावी लागते. कितीतरी घरगुती उपाय प्रयोगशाळेत नापास होतात ते कृती घरीच राहिल्यामुळे.

मोहरीचंही असंच आहे. मोहरीच्या दाण्यात झणका नसतो. फेसली, पाण्याचा हबका बसला की दोन वेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि नाकातून थेट मेंदूत जाणारा तो वायू तयार होतो. झाडांनी हे आपल्यासाठी केलेलं नाही. त्यांना चावणाऱ्या किड्यासाठी, सडवणाऱ्या बुरशीसाठी रचलेला हा सापळा आहे. आपण वरवंट्याखाली तो किडा होतो आणि त्या सापळ्याला चव म्हणतो.

आता हळद. मी सांगलीत राहते, तेव्हा हळदीबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या बाजारात राजापुरी हळदीची पोती येऊन पडतात तेव्हा रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी दिसते. हरिपूरला जमिनीत खोदलेली हळदीची पेवं होती. माणूस आत उतरेल इतकी खोल. त्यांत हळकुंडं वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. आत हवा इतकी कोंडलेली असते की पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही. २००५ च्या महापुराने त्यांतली कितीतरी बुजवली. माझ्या लहानपणी खरचटलं की पहिली धाव हळदीच्या डब्याकडे असायची आणि हळद दाबून धरणारं बोट आईचं असायचं.

म्हणून हळदीची प्लेट बघताना मुलांचे चेहरे उतरले ते मला समजलं. पाण्यात कालवलेल्या हळदीभोवती वर्तुळ नव्हतं. उलट, घरातल्या डब्यातली हळद आम्ही मुद्दाम निर्जंतुक न करता तशीच ठेवली होती, तर तिच्या कडेने नव्या, खरखरीत, पांढुरक्या वसाहती उगवल्या होत्या. हळकुंडं शिजवतात, पण नंतर ती अंगणात, उघड्यावर वाळतात. मातीतल्या बॅसिलस जातीच्या जंतूंची बीजं वाळवण, दळण, सगळं सोसतात आणि ओल मिळाली की जागी होतात. बहुतेक सगळ्या कोरड्या मसाल्यांत ती असतात. स्पिरिटमध्ये काढलेल्या अर्काने बॅसिलसच्या प्लेटवर थोडासा, अंधुक परिणाम दाखवला, ई. कोलायवर तोही नाही, कारण त्याला बाहेरून एक जादा आवरण असतं. पण इथे हळदीवर अन्यायही होऊ शकतो. कुरकुमीन पाण्यात विरघळतच नाही, मग ते ओल्या आगरातून झिरपणार कसं? वर्तुळ न दिसण्याचं कारण औषधाचा अभाव असेल किंवा नुसतं न पोचणं असेल. ही प्लेट त्या दोहोंत फरक करू शकत नाही. मुलांनी वहीत ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिलं. ते वाक्य लिहायला धैर्य लागतं.

एका मुलाने विचारलं, ‘‘पण मॅडम, हळदीचं पेटंट आपण जिंकलो ना?’’ जिंकलो. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांनी ती लढाई घेतली. बत्तीस जुने संदर्भ, काही संस्कृत, उर्दू, हिंदीतले, आणि १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असं सगळं त्यांनी मांडलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ती बातमी वाचली तेव्हाचा आनंद मला आजही आठवतो. पण त्या खटल्याचा प्रश्न होता, ‘हे आधीपासून माहीत होतं का?’ आमच्या प्लेटचा प्रश्न आहे, ‘हे असं होतं का?’ पहिल्याचं ‘हो’ हे दुसऱ्याचं ‘हो’ नव्हे. या दोन प्रश्नांची आपल्याकडे फार सरमिसळ झाली आहे आणि तिच्यामुळे हळदीचं भलं झालेलं नाही. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या एका मोठ्या आढाव्यात कुरकुमीनचे शंभराहून अधिक मानवी प्रयोग तपासले गेले. कुरकुमीन चाचण्यांना चकवतं, खोटे सकारात्मक निकाल देतं, शरीरात टिकत नाही, असा तो आढावा होता. मला तो वाचून वाईट वाटलं. मी तो मुलांना वाचायला दिला. खोल जखमेवर डब्यातली हळद भरू नका, हेही मी आता स्पष्ट सांगते. त्या खरखरीत वसाहती त्यांनी स्वतः पाहिल्या आहेत.

बाकीच्यांचं थोडक्यात. लवंगेच्या तेलाने मोठं वर्तुळ दिलं. त्यातलं युजेनॉल दंतवैद्य अजून वापरतात. पण तेच तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर यकृताला इजा करतं. ओव्यातलं थायमॉल कितीतरी माउथवॉशमध्ये असतं. लिंबाचं वर्तुळ चांगलं आलं, मग आम्ही रसात खाण्याचा सोडा घालून आंबटपणा मारला, तर वर्तुळ गेलं. म्हणजे ते आम्लाचं होतं. मधात पाणी इतकं कमी असतं की तो जंतूंचंच पाणी ओढून घेतो; पातळ केला की त्यातलं एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतं. तरी वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नये. बोट्युलिनम नावाच्या जंतूच्या बीजांना मध मारू शकत नाही आणि बाळाच्या आतड्यात ती रुजतात.

आल्याभोवती फारसं काही नव्हतं. आलं आणणारी मुलगी हिरमुसली. सर्दी-खोकल्यात आल्याचा काढा तिच्या घरी रोज होतो. मी तिला म्हटलं, तुझ्या आल्याला आपण भलताच प्रश्न विचारला. सर्दी विषाणूंची असते, आणि या प्लेटवर विषाणू नाहीत. काढा जंतू मारायला केलेला नसेल. घसा शेकायला, माणसाला जवळ बसवायला, पोटात काही गरम जायला केलेला असेल. ते मोजायला वेगळी मोजपट्टी हवी. आणि जिथे वर्तुळ आलं तिथेही जपून बोलायला हवं. चकतीवरची लसूण जंतूला चिकटून रात्रभर बसलेली असते. खाल्लेल्या लसणीचं ॲलिसिन रक्तात सापडतही नाही. प्लेट आणि माणूस यांच्यामध्ये जठर आहे, यकृत आहे, पाच लिटर रक्त आहे. ताप चढलेल्या मुलाला डॉक्टरकडे नेण्याऐवजी कुणी प्लेटचा फोटो दाखवू लागलं तर या प्रयोगाचा उपयोग होण्याऐवजी घात होईल.

असं असूनही काही जुन्या कृती थक्क करतात. दहाव्या शतकातल्या एका इंग्रजी वैद्यकग्रंथात डोळ्याच्या आजारावर लसूण, तिचीच बहीण असलेला कांदा किंवा लीक, वाइन आणि बैलाचं पित्त एकत्र करून पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायला सांगितलं आहे. २०१५ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक क्रिस्टिना ली आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन यांनी ती शब्दशः करून पाहिली. अनेक अँटिबायोटिकांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूंचा त्या मलमाने उंदरांच्या जखमांत मोठा संहार केला. सुटा एकेक घटक तेवढं काम करत नव्हता. एकत्र आणि नऊ रात्रींनंतर, तेव्हाच. तिथेही थांबणं होतं.

हे वाचताना मला ती खाराची बाटली आठवली. खाराच्या चकतीभोवतीचं वर्तुळ लहानसंच होतं, लसणीपुढे कुणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं. मग आम्ही दुसरं करून पाहिलं. थोड्या खारात ई. कोलाय सोडले, झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब नव्या प्लेटवर पसरला. प्लेट कोरी राहिली. नुसत्या पाण्यात सोडलेले मात्र वाढले. तेव्हा मला वाटलं, आपण स्वयंपाकघराला इतके दिवस चुकीच्या जागी शोधतो आहोत. औषधाच्या बटव्यात शोधतो; ते बरणीत आहे. कैरीचं आम्ल, मापात नव्हे तर सढळ मीठ, फेसलेली मोहरी, मेथी, हिंग, हळद, वर तेलाचा थर. कैऱ्या पुसून कोरड्या करायच्या, बरणी उन्हात तापवायची, हिंगाची धुरी द्यायची, ओला चमचा घालायचा नाही. यातली एकेक गोष्ट सुटी पुरत नाही. जर्मन अन्नशास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी अन्न टिकवण्याच्या या तत्त्वाला विसाव्या शतकात शास्त्राचं रूप दिलं: जंतूच्या वाटेत एकामागे एक अडथळे ठेवा, एखादा तो ओलांडेल, सगळे नाही. आणि बरणीत ती अडचणच नाही जी शरीरात आहे. तिथे जठर नाही, यकृत नाही. द्रव्य आणि जंतू समोरासमोर असतात, महिनोन्महिने. प्लेटवरची परीक्षा बरणीच्या बाबतीत जवळजवळ तशीच्या तशी खरी ठरते. शिवाय हा प्रयोग दर वर्षी होत आला आहे. लोणचं नासलं की घरभर कळतं. पुढच्या वर्षी मीठ वाढतं. औषधाचं तसं नाही. सर्दी औषधाने जाते आणि औषधाशिवायही जाते, मग आजीला तरी कसं कळणार? माझी स्वतःची समजूत अशी झाली आहे की ज्या ज्ञानाला दर वर्षी चुकायची मुभा होती ते ज्ञान पक्कं झालं. हरिपूरचं पेव त्यातलंच, बरणीही त्यातलीच.

बरणीतसुद्धा सगळंच चालत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये तेलात घालून बाहेर ठेवलेल्या लसणीतून छत्तीस जणांना बोट्युलिझमची विषबाधा झाली. प्लेटवर एवढं मोठं वर्तुळ देणारी लसूण! तेलाखाली हवा नाही, आम्ल नाही, मीठ नाही. बोट्युलिनमला हवी तशी जागा. पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेसं आंबट असतं, तर ती बीजं रुजली नसती. तेव्हा लसणीच्या लोणच्यात लिंबाचा रस का असतो ते लक्षात घ्या, आणि नुसती तेलातली लसूण फ्रिजबाहेर ठेवू नका. स्वयंपाकघर जंतूंचं वैरी आहे असं धरून चालणंही खरं नाही. प्लेगच्या साथीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन लस करत होते, तेव्हा प्लेगचे जंतू भरपूर वाढावेत म्हणून त्यांनी मांसरसावर तूप तरंगत ठेवलं. तुपाच्या थेंबांच्या तळापासून जंतू खाली लोंबत वाढायचे, भांडं हलवून ते पाडायचे, की पुन्हा नवे. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. कितीतरी माणसं वाचली त्यात त्या तुपाचाही वाटा होता.

या उन्हाळ्यात मुलांनी नवा प्रयोग घेतला आहे. प्रत्येकाने घरून लोणच्याचा खार आणायचा: यंदाचा, गेल्या वर्षीचा, असेल तर त्याआधीचाही. सोबत चिठ्ठीवर मीठ किती, मोहरी फेसलेली की डाळ, बरणी चिनी मातीची की प्लास्टिकची, धुरी दिली की नाही. त्याचा पीएच मोजायचा, मीठ मोजायचं, ई. कोलाय किती तासांत नाहीसे होतात ते पाहायचं. हल्ली रक्तदाबामुळे घरोघरी मीठ कमी झालं आहे. ते किती कमी केलं तर चालतं, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे, कारण त्याचं उत्तर आजीच्या मापात नाही. तिच्या काळी हा प्रश्न नव्हता. बाटल्या यायला लागल्या आहेत. खार तळातला द्या, वरचं तेल नको, मीटरला तेल चालत नाही, एवढं मी सगळ्यांच्या घरी कळवलं आहे.